एकोणीसवरून चारवर

प्रिय मेघना,

पुण्याचं ट्रेनिंग कसं चाललंय ते तू फोनवर सांगतेसच. पण मला जे सांगायचंय ते फोनवर जमणार नाही, म्हणून कागद घेतला.

रविवारी संध्याकाळी लालबागला भजनाची डबलबारी झाली आणि तुझा बाप गायला. सामन्याला समोर परळचे दीपक बुवा, वयाने माझ्या निम्मे, आवाज खणखणीत. त्यांनी गाण्यातून कोडं घातलं. मी बसल्या जागी उत्तर रचलं आणि गजर असा चढवला की अख्खा मंडप टाळ्यांचा ठेका धरून उभा राहिला. शेवटी दीपक बुवा माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "बुवानू, इतकी वर्सां खंय होतास?"

कुठे होतो ते तुला ठाऊक आहे. खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. लोक कारण विचारायचे. तुझी आई गेली तेव्हासुद्धा मी उभा होतो, आणि रिटायर झाल्यावर, सगळं सुरळीत असताना, सूर लावावासाच वाटेना. आधीचे डॉक्टर विचारायचे, "कसं वाटतंय?" मी म्हणायचो, "ठीक आहे." मग तीच गोळी पुढे चालू. त्यांना तरी काय दोष देणार? त्यांच्यासमोर मी भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो.

मग तू भांडून मला डिलाईल रोडच्या दवाखान्यात नेलंस. तिथे समुपदेशन करणारी नूपुर दर खेपेला डॉक्टरांच्या आधी तेच नऊ प्रश्न विचारते. गेल्या दोन आठवड्यांत झोप किती दिवस उडाली, जेवण किती दिवस गेलं नाही, कशातच मन लागलं नाही असे दिवस किती. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, बेरीज जितकी जास्त तितका आजार मोठा. माझी बेरीज आली एकोणीस. शेवटचा प्रश्न मरणाचा होता. इतकं सरळ मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "वाटतं. बऱ्याचदा." तिने पेन खाली ठेवलं आणि तुला आत बोलावलं. त्या दिवशी तू माझा हात सोडला नाहीस.

पुढे महिन्याभराने मी ऐटीत सांगितलं की मी बरा झालो. बेरीज आली अठरा. डॉक्टर अर्णव म्हणाले, "काका, तुम्ही बरे दिसताय, पण आकडा हलत नाही. हे औषध तुम्हाला लागू पडत नाहीये. आपण वाट बघत बसायचं नाही." औषध बदललं. झोप आली, भूक आली, आकडा उतरला, पण मन लागण्याचा प्रश्न होता तिथेच अडकला. ते पाहून नूपुरने दर आठवड्याला बोलायला बोलावलं. म्हणाली, "पेटी वाजवू नका, नुसती उघडून बसा." मी उघडून बसलो. काही दिवसांनी एक सूर धरला. मग मंडळातल्या पोरांनी मला पुन्हा तालमीला ओढलं. परवाच्या खेपेला बेरीज चार आली, मेघना. अर्णव डॉक्टरांनी उठून माझ्याशी हात मिळवला. दवाखान्यातून मी चालत घरी आलो आणि वाटेत गुणगुणत होतो, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. तुझी मैत्रीण नम्रता बारीला आली होती. मला माहीत असेल असं समजून ती बोलून गेली की बेंगळुरूची बढती तू नाकारणार आहेस, बाबांना एकटं कसं ठेवू म्हणून. समोरासमोर विचारलं असतं तर तू विषय बदलला असतास. नाकारू नकोस, बाळा. मी औषध सोडणार नाही, दवाखान्यात जात राहीन, आणि आकडा चढला तर लपवणार नाही, स्वतः फोन करीन. तू गेलीस तर मला तुझी आठवण येईल, तेवढं चालायचंच. पुण्याहून निघण्याआधी होकार कळवून टाक. मोठी बॅग मी माळ्यावरून काढून ठेवली आहे.

तुझाच,
पुन्हा गाणारा बाबा