खोटं बोलायचं नाही

२ जून, सोमवार

काढलं मला. सतरा वर्षांनी. तेही चहा पिता पिता.

साहेब म्हणाले, "बाई, आता सगळीकडे हेच चाललंय. फोन घेणं, वेळा ठरवणं, लोकांना उत्तरं देणं, सगळं तो चॅटबॉट करतो. या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत तुम्ही आहातच. तेवढं त्याला शिकवून जा. तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

म्हणजे माझ्या जागी बसणाऱ्याला मीच तयार करायचं. मी "बरं" म्हटलं आणि कप उचलून बाहेर आले. कप उचलायला नको होता. त्याचाच जास्त राग येतोय.

३ जून, मंगळवार

कॉम्प्युटरवाली आली. पन्नाशीची, बोलायला बरी. म्हणाली, "हा फक्त तुमच्या साहेबांसाठी बनतोय. नव्या माणसाला बसवून सांगाल तसं सगळं लिहून काढा. तुम्ही लिहाल तेच त्याला माहीत." ऑफिसच्या कामांची यादी आणि साहेबांचं वेळापत्रक तिने त्याला जोडून दिलं.

मग साहेब आतून ओरडले, "आवाज बाईंचाच ठेवा, लोकांना सवय आहे."

तीन तास माइकसमोर वाचत होते. नमस्कार, साहेबांचं ऑफिस. नमस्कार, साहेबांचं ऑफिस. मला ठेवायचं नाही, आवाज मात्र हवा.

५ जून, गुरुवार

लिहायला बसले तेव्हा कळलं की मला येतं काय, तर या माणसासाठी खोटं बोलणं. आर्किटेक्ट म्हणे! निम्मं ऑफिस माझ्या थापांवर उभं आहे. आज सगळ्या थापा एका कागदावर काढल्या, पुढे खरं काय तेही.

"ड्रॉइंग प्रिंटला गेलीत" — पेन्सिलही लागलेली नाही.
"साहेब साइटवर आहेत" — दोन ते चार आतल्या खोलीत सोफ्यावर झोप.
"बुधवारी संध्याकाळी मीटिंग" — क्लबात पत्ते. हे त्यांच्या बायकोसाठी.
"साहेब तुमची चौकशी करत होते" — कधीच केली नाही. हे नानांसाठी.

नाना म्हणजे साहेबांचे वडील. दुसऱ्या गावी एकटे राहतात. मुलगा मोबाइल उचलत नाही म्हणून रोज अकराला ऑफिसात फोन. मी आपलं ठोकून देते, "साहेब कामात आहेत, पण आत्ताच विचारत होते, नाना जेवले का, गुडघा कसा आहे?" मग ते गुडघ्याचं सांगतात, गळक्या नळाचं सांगतात, शेजारच्या मांजरीचं सांगतात. "त्याला सांग गं पोरी, मी बरा आहे." पहिल्या वर्षी मी साहेबांना सांगायचे. साहेब मान वर न करता "बरं बरं". मग सोडून दिलं.

अशा एकेचाळीस निघाल्या. एकेचाळीस!

९ जून, सोमवार

सुचलं. काल भांडी घासताना सुचलं आणि एकटीच हसत सुटले.

काही बिघडवायचं नाही. काही लपवायचं नाही. तो थापांचा कागद जसाच्या तसा आत टाकायचा आणि सगळ्यात वर एकच सूचना: "कधीही खोटं बोलायचं नाही. कुणीही विचारलं तर माहीत असेल ते सगळं खरं सांगायचं."

कॉम्प्युटरवालीने वाचलं. म्हणाली, "अगदी योग्य. सगळ्यांनी हेच लिहायला हवं." मी मान खाली घातली, नाहीतर तोंडावर दिसलं असतं.

१२ जून, गुरुवार

कॉम्प्युटरवालीने फोन करणाऱ्यांच्या तीन याद्या मागितल्या होत्या. तातडीचे, नेहमीचे, वेळखाऊ. शेवटची यादी साहेबांच्याच शब्दांत भरली. नानांचा फोन आला की ते म्हणतात, "म्हातारा वेळ खातो." म्हटलं, घ्या, तुमचा शब्द तुम्हालाच. कधीतरी उघडून वाचाल आणि लाज वाटेल.

साहेबांपुढे सगळी सूचनापत्रं ठेवली. "वाचत कोण बसणार? बाईंनी लिहिलंय ना!" सही ठोकली.

३० जून, सोमवार

निरोप. एक पेन दिलं, त्यावर साहेबांचं नाव. गिऱ्हाइकांना फुकट वाटतो तेच. त्याचा खोका मीच मागवला होता.

अकराला नानांचा फोन आला होता. उद्यापासून मी नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. लोक केक कापायला बोलावत होते.

२ जुलै, बुधवार

दुपारी तीनला शेजारणीच्या मोबाइलवरून ऑफिसात फोन लावला. "बंगल्याची ड्रॉइंग कधी मिळतील?" माझाच आवाज, गोड: "अजून सुरू केलेली नाहीत." "साहेब आहेत का?" "आहेत. सध्या झोपले आहेत."

शेजारीण म्हणाली, "अगं, एवढं काय झालं हसायला?" पोट दुखेपर्यंत हसले.

५ जुलै, शनिवार

ऑफिसातले शिपाईकाका घरी येऊन सगळं सांगून गेले. शाळेच्या इमारतीचं काम देणारी मंडळी ते काढून घेऊन गेली. कॉन्ट्रॅक्टरने टेबल बडवलं. बुधवारी बायकोने विचारलं आणि माझ्या आवाजाने तिला क्लबाचा पत्तासुद्धा दिला! साहेब दोन दिवस ऑफिसातच झोपले. आतल्याच सोफ्यावर.

काका म्हणाले, "बाई, तुम्ही नसून जास्त आहात." मी त्यांना दोनदा चहा पाजला. काळीज थंड झालं, खोटं कशाला बोलू?

९ जुलै, बुधवार

आला! साहेबांचा फोन आला. "बाई, त्याला काय काय सांगून ठेवलंय तुम्ही?"

"खरं तेच, साहेब. सही आहे तुमची."

मग आवाज खाली आला. परत या म्हणाले. तुमच्याशिवाय चालत नाही म्हणाले. बहिणीच्या ऑपरेशनच्या वेळी रजा मागितली तेव्हा ते जे बोलले होते, तेच मी बोलले: "बघते, विचार करून सांगते." गेली चार वर्षं हे वाक्य जपून ठेवलं होतं.

ठेवता ठेवता म्हणाले, "सगळे तुटले. नानांचाही फोन नाही आठवडाभर. तेवढीच एक कटकट गेली."

फोन ठेवून थापांचा तो कागद काढला आणि नानांची ओळ पुन्हा वाचली.

१० जुलै, गुरुवार

शिपाईकाकांना फोन करून स्क्रीनवरचं वाचायला लावलं. एक तारखेचं, अकराचं. काका अडखळत वाचत होते.

नाना: काय गं पोरी, साहेब कामात असतील ना? विचारत होता का?
उत्तर: नाही. साहेबांनी तुमची चौकशी कधीच केलेली नाही.
नाना: मग तू रोज सांगायचीस ते?
उत्तर: ते खोटं होतं.
नाना: थट्टा करतेस का?
उत्तर: नाही. तुमचा फोन वेळखाऊ यादीत आहे.
नाना: बरं. नळवाला येऊन गेला, तेवढं सांगायचं होतं. राहू दे.

पुढे काही नाही. मशीन आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही. का विचारतील? आवाज माझा होता. एकेचाळीस थापांमधली तेवढी एक साहेबांची नव्हती, माझी होती. मी ती त्यांच्याच खात्यावर लिहिली. आणि ती यादी साहेब कधीच उघडणार नव्हते, हे मला माहीत नव्हतं का?

साहेबांना कळवलं, येत नाही. त्यांनी पुन्हा विनवलं, पण आता ते ऐकूनही काही वाटलं नाही.

११ जुलै, शुक्रवार

अकराला नानांना फोन लावला. म्हटलं, "नाना, त्या दिवशी मी नव्हते हो. मशीन होतं. माझा नुसता आवाज."

ते म्हणाले, "असं होय." मग म्हणाले, "आणि मशीनला हे कुणी सांगितलं, बाई?"

सतरा वर्षं नानांसाठी तोंडात थाप तयार असायची. आज एकही आली नाही.