शिट्टी बंद केली ती मीच

३ मार्च, सकाळी
नाही, मला मॅन्युअल वाचायची काही गरज नाही. जन्म लेथवर गेला. हे नवं मशिन धातूची भुकटी लेझरने वितळवून थरावर थर चढवतं, बास. आत हवा चालत नाही, म्हणून आर्गॉन वायू फिरवायचा. ब्लोअर गॅस ढकलतो, मागचा पाइप धूर ओढून फिल्टरकडे नेतो. यावर एवढं जाड पुस्तक?

थोरलीने (वर्कशॉप आता लेकीचं) सगळ्यांसमोर सांगितलं, बाबा, पंपाच्या पंख्यांची ही ऑर्डर नीट गेली तर मशिनची चावी तुमच्याकडेच. नाहीतर ह्यांच्याकडे. म्हणजे जावयाकडे. तो मॅन्युअलमध्ये पिवळ्या रेघा ओढत बसलेला असतो.

चावी सोडणार नाही. चिडणारही नाही.

३ मार्च, दुपारी
चिडलो. मागचा पाइप शिट्टी मारतो. डोकं उठलं. जोडावरची क्लिप सैल. पाना शोधत कोण बसतं! डाव्या पायातला मोजा काढला, फटीत कोंबला. शिट्टी गप्प. जावई म्हणे सर्व्हिसला फोन करू का. म्हटलं, शिट्टीला कशाला हवाय डॉक्टर?

४ मार्च
फटीतला मोजा गायब! साफसफाईच्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, काका, एका मोज्याचं मी काय करू, मला पाय दोन आहेत. उत्तर फारच तयार होतं. लक्ष ठेवायला हवं.
शिट्टी मात्र मोज्याशिवायही बंद. मी एकदा दुरुस्त केलं की केलं.

५ मार्च
पंख्यांनी भरलेली पहिली प्लेट निघाली. पुढचे पंखे चकचकीत. पाइपाच्या बाजूचे काजळलेले, नखाने पापुद्रा निघतो. धूर आतच घुटमळतोय. स्क्रीन म्हणते, गॅसचा प्रवाह कमी. स्क्रीनला काय कळतंय?
आर्गॉनवाल्याला फोनवर झापलं, सिलिंडरमध्ये हवा भरतोस का म्हणून. उलट मलाच म्हणाला, काका, तुमच्याकडे गॅस नेहमीपेक्षा जास्त संपतोय, कुठेतरी जोड सैल असेल. स्वतःचा माल खराब, आणि गिऱ्हाइकाचे जोड सैल!

६ मार्च
ब्लोअर फुल केला. वारा वाढला की धूर जाणारच, साधी गोष्ट. मशिन धापा टाकतंय. जावई म्हणाला, बाबा, पुस्तकात लिहिलंय, वेग वाढवण्याआधी ओढणारा पाइप तपासा. म्हटलं, मग पुस्तकालाच मशिन चालवायला सांगा. तोंड फिरवून हसला. मी पाहिलं.
घरी बायको विचारते, डावा मोजा कुठाय. ऑर्डर बोंबलायची वेळ आली आणि हिला मोज्याची पडलीय.

७ मार्च
दुसरी प्लेटही काळी. थोरलीने प्लेट उलटीपालटी करून पाहिली आणि जागेवर ठेवली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. उठलो, बसलो, परत उठलो. खिशातली चावी चाचपली. आहे.
उद्या सिलिंडरवाला बदलायचा.

८ मार्च, सकाळी
थोरलीने मला न विचारता सर्व्हिसवाली बोलावली. माझ्या नातीएवढी पोर. मशिन बंद करून गार होऊ दिलं, हातमोजे, मास्क, सगळा थाट. हा जोड कोणी उघडला होता, म्हणून विचारलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर काही नव्हतं.
पाइप उतरवला. फिल्टरच्या तोंडाशी काळा बोळा. चिमट्याने ओढला. येतोय, येतोय, संपतच नाही. टाचेला बायकोने केलेलं लाल रफू.
पोर म्हणाली, पाइपाने ओढून घेतला असणार. एवढी ओढ असते, हे आधी कोणी सांगायला नको?
मावशी झाडू टेकवून उभ्या होत्या. म्हणाल्या, काका, चोर सापडला बरं का.
थोरलीने नुसता हात पुढे केला. चावी दिली. जावयाने ती घेतली आणि वर विचारलं, बाबा, मोजा पिशवीत घालून देऊ का?

८ मार्च, संध्याकाळी
नीट पाहिलं तर शिट्टी बंद झाली होतीच. ते कोणी बोलत नाही.
बायकोने विचारलं, मोजा सापडला का. हो म्हटलं. कुठे, म्हणाली.
ते सांगणार नाही. तिलाही नाही, इथेही नाही. विषय संपला.