माझे घर, वाडी आणि खाडीच्या गवतावरची बुरशी

मी, कुमारी जुलियाना फ्रान्सिस तुस्कानो, वय ६८, बी.एस्सी. (वनस्पतिशास्त्र, १९३८), निवृत्त शिक्षिका, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला ते लागत नाहीत.

१. घर व केळीची वाडी, मागची खोली वगळून, भाचा कॉन्रॅड यास.

२. शिवणयंत्र भावजय आल्बिना हिला. १९७९च्या नाताळाच्या साफसफाईत तिने माझ्या तीसपैकी एकोणीस काचनळ्या राखेने घासून उन्हात मांडल्या. "केवढी बुरशी चढलेली, बाय! आता बघ कशा लखलखतात!" आठ वर्षांचे काम लखलखत होते. मी तिला माफ केले आहे. हे लिहून ठेवावे लागते, यावरून कितपत ते समजावे.

३. उरलेल्या अकरा नळ्यांत खाडीतल्या समुद्रगवतावर वाढणारी बुरशी आहे. ती घाण नव्हे. मेलेले पान तिच्यामुळे मऊ होते, मगच कोळंबीची पिल्ले त्याला तोंड लावतात. कोळंबी नाही, तर पाचूबंदरला मासळीचा लिलाव कसला? शिवाय सात नंबरच्या बुरशीने कपडे रंगवल्याचे निळे पाणी सहा दिवसांत फिके केले. तीनदा करून पाहिले. याहून मोठा दावा मी करत नाही. पुढे कोणीतरी तपासावे.

त्यासाठी ती जगली पाहिजे. दर दोन महिन्यांनी खाडीचे पाणी, उकडलेला बटाटा व चायनाग्रास यांच्या ताज्या खाद्यावर ती हलवावी लागते. कॉन्रॅडला विचारले. "आत्या, बुरशीला कुणी वारस नेमतं का? पावावर आपोआप येते की!" तोही बी.एस्सी. आहे.

शिंपल्या वेचताना हे गवत मला आणून देते ती खाडीकाठची जिजा हरेश्वर. माझ्या काविळीत अकराही नळ्या तिनेच जगवल्या. अक्षरओळख नाही, म्हणून तिने नळ्यांना सुतळी बांधली. सात नंबरला सात गाठी. वर मलाच म्हणाली, "बाय, तुमचा आकडा पानी लागला का पुसतो. गाठ कुठं जाते?"

४. मागची खोली, प्रेशर कुकर व सूक्ष्मदर्शक जिजाला हयातभर. कॉन्रॅडने भाडे मागू नये व तिथे टायपिंग क्लास काढू नये.

५. वकील म्हणतात, सर्व मार्गी लागायला वर्ष जाईल. बुरशी थांबणार नाही. म्हणून अकराही नळ्या आज दुपारी जिजा टोपलीत घालून घेऊन गेली. त्या माझ्या मिळकतीत धरू नयेत.

(सही) जुलियाना फ्रान्सिस तुस्कानो

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
(सही) डॉ. प्लासिड लोपीस
(सही) ॲनी जेम्स डाबरे

गिरीज, १२ नोव्हेंबर १९८४