उरलेल्या टेपवरची धून

उस्ताद, तुमची ती धून आता रेकॉर्डवर येणार आहे, आणि चार दिवसांपासून हे तुम्हाला सांगायचं मी टाळतो आहे.

पुण्याचा एक माणूस आहे. कोणाला ठाऊक नसलेल्या जुन्या डिस्को धुना देशोदेशीहून हुडकतो आणि दहा-बारा एकत्र करून त्यांची मोठी काळी तबकडी काढतो. तुमची धून त्याला भंगारातल्या एका कॅसेटवर सापडली. डबीतल्या कागदावर आपल्या वणीच्या टेप-दुरुस्तीच्या दुकानाचा शिक्का होता, त्यावरून विचारत विचारत तो माझ्यापर्यंत आला. पण त्याला ती पूर्ण हवी आहे. ट्रकवाले गाण्यांची चिठ्ठी द्यायचे, आपण कॅसेट भरून द्यायचो, आणि गाणी संपून टेप उरली तर ती कोरी सोडणं तुम्हाला खपत नसे. "रिकामी टेप देतं का बे गिऱ्हाइकाले? चंद्रपूरच्या रस्त्यानं त्याले झोप लागली त?" मग उरलेल्या जागेत तुमची धून. जेवढी जागा तेवढीच, म्हणून ती प्रत्येक कॅसेटवर मध्येच तुटते. पूर्ण फक्त मूळ कॅसेटवर आहे, आणि ती माझ्या ट्रंकेत आहे.

ती भरली तो दिवस मला अजून दिसतो. बॅण्डवाल्यांचा सिंथेसायझर दुरुस्तीला आला आहे. दुपार आहे, कोळशाची धूळ नको म्हणून शटर अर्धं ओढलेलं. चाचीनं आतून पाठवलेला चहा निवतो आहे आणि तुमचं लक्षच नाही. समोर माइक ठेवून तुम्ही दोन्ही हातांनी वाजवत आहात. एक पट्टी अजून अडकते, तिचा सूर दर वेळी थोडा उशिरा सुटतो, आणि तुम्ही त्या उशिरालाच ठेक्यात घेता.

पुण्याचा माणूस त्या सुरासाठी वेडा झाला आहे. फोनवर म्हणाला, "आजोबा, हे सुचलं कसं तुम्हाला?" फोनचा आवाज मोठा होता, नात शेजारी बसली होती. "आबा, हे तुम्ही वाजवलं?" घरात माझ्याकडे असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "हो, मीच." तो म्हणाला, मग तुमचंच नाव छापतो. नात गल्लीभर सांगून आली. शेजारचा दारातून ओरडतो, "काय बुवा, डिस्को म्हणे!" सून आता विचारून चहा करते. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, माझं नाव लग्नपत्रिकेशिवाय कुठं छापलं गेलं नाही. आता हे परत कसं फिरवू, सांगा.

मंगळवारी तो कॅसेट न्यायला येतो आहे. आणि कॅसेटच्या शेवटी तुम्ही आहात. धून संपली असं समजून मी टेप बंद करायला हात पुढे केला होता, तेव्हाचं तुमचं ओरडणं तसंच भरलं गेलं आहे. "थांब बे! बटनाले हात नको लावू, संपू दे!" मग उरलेले सूर, आणि मग हसून, "आता कर बंद. तुले वाजवता त येत नाही, थांबता तरी येऊ दे."

हे सगळे ऐकतील. नातही ऐकेल.

शेवटच्या दुखण्यात पडलात तेव्हा ही कॅसेट तुम्ही माझ्या हातात दिली होती. वरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे स्क्रू-ड्रायव्हरनं मोडून दिली, कोणी चुकून तिच्यावर दुसरं काही भरू नये म्हणून. पण त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हेही तुम्हीच शिकवलं होतं. काल दुपारी घरात कोणी नसताना मी चिकटपट्टी लावली. टेप शेवटापर्यंत आणली, तुमच्या ओरडण्याच्या जरा आधी थांबवली आणि रेकॉर्डच्या लाल बटनावर बोट ठेवलं. किती वेळ ठेवलं ते आठवत नाही. मग काढलं.

हे पत्र कॅसेटच्या डबीत ठेवणार होतो, पण डबी तो पुण्याचा माणूसच उघडेल. म्हणून खिशात ठेवतो. नातीला सकाळी सांगणार होतो, ती घाईत होती. आज शाळेतून आली की सांगेन असं म्हणतो.

चिकटपट्टी मी काढली आहे, उस्ताद. पण फेकलेली नाही. टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली आहे.