भर दुपारची फेरी

७ एप्रिल

ल्यूपस.

शेवटी नाव तरी कळलं. शरीराची रोगाशी लढणारी ताकद शरीरावरच उलटते म्हणे. सांधे धरायचे, गालांवर लाल चट्टे उठायचे, आणि मी आपली म्हणत होते — खारं वारं बाधलं! डॉक्टर श्ये बाई म्हणाल्या, "ऊन लागलं की हा आजार उसळतो. ढगाळ दिवशीसुद्धा. खिडकीच्या काचेतूनसुद्धा."

"आणि होडी?"

"वरून सूर्य, खालून चमकणारं पाणी. तुम्हीच सांगा."

जूनमध्ये ड्रॅगन होड्यांची शर्यत. लग्न होऊन या बेटावर आले तेव्हापासून आमच्या बंदराच्या बायकांच्या होडीवर ढोल माझा. त्या ठेक्यावर सगळ्यांची वल्ही पडतात.

सोडणार नाही.

९ एप्रिल

गोळ्या सुरू. क्रीमही — मानेवर, कानांमागे, हातांवर, दर दोन तासांनी. नुसती चिकचिक!

१४ एप्रिल

सासूबाई ओहोटीला कालवं काढायला जातात त्या फक्त डोळे उघडे ठेवून. आज मला म्हणाल्या, "आम्ही गोरं राहायला तोंड बांधत आलो, तू जिवासाठी बांध. लाजायचं काय त्यात?" त्यांचं फुलाफुलांचं फडकं मी दिव्यासमोर धरलं — आरपार उजेड! "माझ्या फडक्याची परीक्षा घेतेस होय गं?" म्हणाल्या. संध्याकाळी मात्र स्वतःच बाजारातून घट्ट विणीचं कापड घेऊन आल्या.

२ मे

ढग होते म्हणून टोपीशिवाय धक्क्यावर गेले. गप्पांत वेळ गेला. गाढव मी!

५ मे

ताप. बोटं वळत नाहीत. चट्टे गळ्यापर्यंत आलेत. सासूबाईंनी पेज ओठांशी धरली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१६ मे

उठले एकदाची. आमच्या कर्णधार चिउ-क्वेइताई मासळी विकतात, आवाज बंदरभर जातो. त्यांनी फर्मान काढलं — सराव पहाटेच! टोपी, फडकं, लांब बाह्या, हातमोजे असा सगळा जामानिमा करून गेले. "ढोल बडवायला आलीस की बँक लुटायला?" ताई ओरडल्या. सगळ्या हसल्या. मीही. ठेका चुकला नाही.

परतताना नणंदेला, शिउ-वनला, बाजूला घेतलं. ती वल्ह्यावर असते. म्हटलं, तूही ढोल शीक. पुन्हा ताप आला तर होडी अडायला नको.

१ जून

आम्हाला सकाळची फेरी हवी म्हणून शर्यत भरवणाऱ्या मंडळाकडे गेलो. अध्यक्ष म्हणाले, "एका बाईच्या कातडीसाठी वेळापत्रक बदलू?"

ताई कडाडल्या, "कातडीसाठी नाही, जिवासाठी! आणि होडी एका बाईची नाही, आम्हा सगळ्यांची आहे."

सकाळची फेरी मिळाली! अंतिम फेरी मात्र भर दुपारीच. "आधी तिथवर पोहोचा तर खरं," अध्यक्ष हसून म्हणाले.

१९ जून

पोहोचलो! सकाळची फेरी जिंकलो. ढोल माझा होता!

मग सूर्य चढला. पाणी डोळ्यांत घुसेल असं लखलखायला लागलं. मी ढोलाच्या काठ्या शिउ-वनच्या हातात दिल्या.

"वहिनी, असं काय करतेस? एवढं गुंडाळून घेतलंयस की! चल ना."

"या उन्हाला गुंडाळणं पुरत नाही. घे. आणि शेवटी घाई करू नकोस."

बर्फाच्या कारखान्याच्या छपराखाली उभी राहिले. नुसता ढोल ऐकत. शेवटी तिनं घाई केलीच! जेमतेम अर्ध्या होडीनं हरलो.

रडले. मग नाक पुसलं. ताई भिजलेल्या येऊन शेजारी टेकल्या. "पुढच्या वर्षी सकाळी तू, दुपारी ती. दोन-दोन ढोलवाल्या! आहेत कुणाकडे?"

२३ जून

लघवीतून प्रथिनं जातायत. मूत्रपिंडाला सूज असावी.

"मी सगळं पाळलं, डॉक्टर."

"पाळलंत. पण ऊन ही त्याच्या अनेक वाटांपैकी फक्त एक."

गुरुवारी काओश्युंगच्या मोठ्या रुग्णालयात दाखल व्हायचंय.

उद्या पहाटे शिउ-वनला धक्क्यावर बोलावलंय. सकाळची फेरीही तिला शिकवून ठेवते.