त्या चालीचा मालक

मास्तर, उत्तराला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिशीत होतो. आता सत्तरी ओलांडली, आणि तुम्हाला जाऊनही पंचवीस वर्षं झाली. दुबईत मुलाकडे असतो, इंटरनॅशनल सिटीत. सातवी नापास माणसाचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या.

आपल्या बँडचा एक नेम तुम्ही कधी मोडला नाहीत. वरात कितीही घाईत असो, वाजवण्याआधी तुम्ही हात वर करून सांगायचात, ही चाल अमक्याची. एकदा मी आधीच क्लॅरिनेट फुंकलं, तर नवरदेवासमोर मला म्हणालात, "चोरून जेवायला आलायस का? आधी यजमानाचं नाव घे." पुढे मी अबुधाबीला वेल्डिंगच्या कामावर आलो. साइटवर एक ब्राझीलचा फोरमन होता, जेवणाच्या सुट्टीत तो रोज एकच गाणं लावायचा. मी त्याची कॅसेट भरून घेतली आणि रजेवर जाणाऱ्या एकाच्या हाती तुम्हाला पाठवली. वर ना नाव, ना गाव. तुम्ही ती चाल बँडवर बसवलीत आणि गाव वेडं झालं. गणपतीला तीच, कबड्डीला तीच, शाळेत झेंडावंदन झालं की तीच. कुणी दुबईला निघाला की एसटी स्टँडवर बँड ती वाजवायचा आणि अख्खा स्टँड उभा राहायचा. तुम्ही मात्र त्या चालीआधी हात वर करून नुसतेच थांबता, असं कानावर आलं. मग तुमचं पत्र आलं, चाल कुणाची ते विचारून कळव. मी कळवलं नाही. सुट्टीवर आलो की तुमचं दार चुकवून मागच्या गल्लीने जायचो.

गेल्या महिन्यात सरपंचाचा फोन आला. आपल्या ढोलवाल्याचा नातू तो. स्टँडसमोर तुमच्या नावाचा दगड बसवणार आहेत, त्यावर 'या चालीचे जनक' असं कोरणार. बँडातला मी एकटाच उरलोय, म्हणून मला विचारलं. "काका, तुम्ही नुसतं हो म्हणा." माझी झोप उडाली. सकाळची गोळी घेतली की नाही, तेही आठवेना. शेवटी माझं 'चाल कुणाची' ऐकून कंटाळलेल्या नातीने फोन माझ्या तोंडासमोर धरला, म्हणाली, "आजोबा, जस्ट हम इट." मी गुणगुणलो आणि फोनने मालक सांगितला. इतकं सोपं होतं. ब्राझीलचा एक बँड. पडद्यावर पाच म्हातारे त्यांच्या गावच्या चौकात वाजवतायत, पोटं सुटलेली, आणि सगळा चौक गातोय. एक बाई हातातल्या पिशवीनेच डोळे पुसते. नात वाचून सांगते, गाणं त्यांनी स्वतःच्या गावावर केलंय आणि आता गावाने तेच आपलं गीत मानलंय. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो.

"व्हाय आर यू स्टँडिंग?"

"आमच्याकडे या चालीला उभं राहतात."

हसत का होईना, तीही उभी राहिली. मास्तर, इतकं बरं मला कैक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरपंचाला सांगितलं, चाल ब्राझीलच्या बँडची, बसवली मास्तरांनी, असं कोर. तो म्हणाला, "काका, आपल्या स्टँडवर ब्राझील कशाला? लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत. शेवटी म्हणाला, बैठकीत विचारतो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण एक कबूल करायचं राहिलं. तो फोरमन सहा महिने माझ्याच बाकावर जेवायचा. खुणांनीसुद्धा विचारता आलं असतं. पण मालक सापडला तर तुम्ही त्याला पत्र घालून परवानगी मागाल, ती येईस्तोवर वाजवणं बंद कराल आणि मी पाठवलेली चाल गावातून जाईल, एवढ्याच भीतीने विचारलं नाही. बैठक शुक्रवारी आहे. दगडावर तुमच्या नावाशेजारी त्या बँडचं नाव चालेल ना? तेवढं लवकर कळवा.