अप्पाजीच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

१८ मे २०२५, रविवार
तिकिटं आली. हरिताने जपानहून पाठवली, दोघांची, १४ जूनची. पोरगी तिकडे समुद्राकाठच्या एका गावात राहते, कामाकुरा. देवळंच देवळं, मागे डोंगर, आणि उघड्यावर बसलेला भला थोरला बुद्ध. वसुमती दुपारभर फोनवर तिकिटंच बघत बसली. तिला जवळच्या बेटावरची सरस्वती बघायची आहे. जपानी सरस्वती, हातात वीणेसारखं वाद्य. आमची बाई स्वतः वीणा वाजवणारी, तिला दुसरं काय सुचणार! लग्न झाल्यापासून मी हिला "लांब कुठेतरी नेतो" म्हणतोय. तमिळ मुलखातल्या या गावातून वेळांकण्णीच्या पलीकडे गेलो नाही. या वेळी नेणारच.
विमानाची मला भीती नाही. विमान ही कल्पना पटत नाही, एवढंच.
संकल्प: रोज पहाटे मोठ्या देवळात प्रदक्षिणा, कारण तिकडे पायऱ्या फार. जपानी शिकणे. दुपारची कॉफी बंद.

२१ मे, बुधवार
पहाटे गेलो. वसुमती आत, मी गोपुराबाहेर. दगड तापले असणार म्हणून थांबलो. पहाटे दगड तापत नाहीत असं तिचं म्हणणं. ती प्रदक्षिणा घालून येईपर्यंत समोर कॉफी घेतली. संकल्प दुपारच्या कॉफीचा होता.

२९ मे
जपानीचा पहिला धडा पूर्ण. "आरिगातो" म्हणजे आभार. उरलेली भाषा तिथे गेल्यावर.
वसुमती जपानी आकडे म्हणत वांगी चिरते. मी म्हटलं, उच्चार चुकतोय. मला आकडे येत नाहीत, पण चूक लगेच कळते.

५ जून, गुरुवार
सहज पंचांग उघडलं. १४ तारखेला शनिवार! शनिवारी पूर्वेला शूलम्, त्या दिशेला प्रवास वर्ज्य. आणि जपान पूर्वेलाच. आता माणसाने काय करावं? जड मनाने वसुमतीला सांगितलं. (मन तसं बरंच हलकं होतं.)
तिने मान वर केली नाही. म्हणाली, मग बुधवारी प्रस्थान ठेवू. म्हणजे चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू पूर्वेकडच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात, शूलम् लागत नाही. ठेवलेली वस्तू मात्र घरी परत आणायची नाही, जाताना वाटेतच उचलायची.
मला हे माहीत होतं. तिला आठवेल असं वाटलं नव्हतं.

११ जून, बुधवार
प्रस्थान ठेवलं. पूर्वेच्या गल्लीत माझा चुलतभाऊ अप्पाजी राहतो, त्याच्याकडे. वसुमती म्हणाली, एक धोतर ठेवा, पुरे. मी म्हटलं, शास्त्र ते शास्त्र, माझी सगळी बॅगच जाऊ दे. वरच्या कप्प्यात माझा पासपोर्ट ठेवला. प्रवास काय धोतर करतं? प्रवास पासपोर्ट करतो. यात दुसरा काही हेतू नाही.
अप्पाजीच्या बायकोने, नागलक्ष्मीने, बॅगेला कुंकू लावलं. मग दोघी आत गेल्या आणि तिण्णैवर, म्हणजे दारातल्या ओट्यावर, बसल्या बसल्या अप्पाजी म्हणाला की शुक्रवारी ते ओरत्तनाडुला लग्नाला निघतात, तिथून रामेश्वरम्, घराला आठवडाभर कुलूप. शनिवारी आम्ही बॅग उचलणार हे त्याच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं.
घरी जाताना वसुमतीला सांगणार होतो. रस्त्यात फार हॉर्न वाजत होते.

१२ जून
सांगितलं नाही. ती हरितासाठी सांबारपूड भाजत होती, खोकला येत होता, अशा वेळी कसं सांगणार? अपराधी वाटतंय. रात्री जेवण घशाखाली उतरेना. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा उतरलं.
उद्या सकाळी उठल्या उठल्या सांगायचं.

१३ जून, शुक्रवार
उठलो तर वसुमती घरात नाही. नागलक्ष्मीचा निरोप घ्यायला गेली होती. परत आली, काही बोलली नाही. म्हणजे कुलपाचा विषय निघाला नसणार. बायका साड्यांचं बोलतात.
दहा वाजता अप्पाजीची गाडी गेली. मी हात केला. आता सांगून उपयोग नाही. काल होता.

१४ जून, शनिवार. रात्री, घरी.
घरी आहे. एकटा.
तिरुचीच्या विमानतळावर जायची टॅक्सी अप्पाजीच्या दारात थांबवली. कुलूप. मी "अय्यो" म्हणून कपाळाला हात लावला. बऱ्यापैकी जमलं. अप्पाजीला फोन केला, अर्धी रिंग वाजली, कट केला. लग्नघरात कशाला त्रास! आता दोघांचंच रद्द होणार, पुढच्या वर्षी बघू, असं धरून मी टॅक्सीवाल्याला गाडी वळवायला सांगणार होतो.
वसुमती पर्समध्ये हात घालून उभी होती. माझ्याकडे बघितलं. हात बाहेर काढला आणि म्हणाली, बसा गाडीत, मला सोडायला तरी चला.
मला हे अपेक्षित नव्हतं. ही बाई एकटी कुंभकोणमलाही गेलेली नाही.
वाटेत तिने दोनदा विचारलं, "काही सांगायचंय का?" मी म्हटलं, पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत. विमानतळावर घराच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. म्हणाली, अप्पाजींच्या तुळशीला रोज पाणी घाला. कुलूपबंद घरातल्या तुळशीला! प्रवासाच्या धसक्याने गोंधळली बिचारी. "जाऊन येते" म्हणून आत गेली. मागे वळून बघितलं नाही.
बरं नाही केलं मी. फार वाईट केलं.

१६ जून, सोमवार
पोचली. सिंगापूरला विमान बदलताना हरिताने तिच्यासाठी व्हीलचेअर सांगितली होती, ती नको म्हणून चालत गेली. मला आनंद झाला. आणि जरा रागही आला, कशाचा ते कळलं नाही.
संकल्प: उद्या फोनवर सगळं कबूल करणे.

१७ जून
बुद्धाचा फोटो आला. उन्हापावसात बसून हिरवा पडलाय. पायथ्याशी वसुमती, पायात बूट, अंगावर हरिताचा कोट. हसतेय. घरी असं हसत नाही.
मी लिहिलं की बुद्धाला उजवीकडून फेरी घालायची. तिने लिहिलं, घातली.
कबुली राहिली. तिकडे रेंज कमी असेल.

१८ जून
डोंगरावरचं देऊळ. पायऱ्यांच्या दोन्ही अंगाला निळ्या फुलांचे झुबके, वरून समुद्र दिसतो. सगळ्या पायऱ्या चढली. खाली येऊन खात बसली तर घारीने हातातला भाताचा गोळा पळवला. हरिता हसून बेजार.
मी इथे सलग तिसऱ्या दिवशी दहीभात. जुडग्यात लाल दोरा बांधलेली एक जादा किल्ली आहे, कुठलीच कडी तिने उघडत नाही. काय काय साठवून ठेवते ही बाई.
इथे कालव्याला पाणी आलं. बघायला जाणार होतो.

२० जून, शुक्रवार
आज बेटावर गेली, लांबलचक पुलावरून चालत. सरस्वतीसमोरून बाहेर येऊन फोन केला. वारा फार होता. म्हणाली, चार तारांचं वाद्य आहे, आपल्या वीणेसारखं मांडीवर आडवं नाही, उराशी धरते. मग रडायला लागली. म्हणाली, तुम्ही असता तर.
मीही रडलो. रडताना सांगता येत नाही म्हणून सांगितलं नाही. रविवारी नक्की. काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं, चांगलं वाटलं.

२२ जून, रविवार
दुपारी अप्पाजी आला. म्हणाला, किल्ली द्या. मी म्हटलं, कुठली? तर म्हणे, निघायच्या सकाळी वहिनी स्वतः मागायला आल्या होत्या, शनिवारी बॅग काढायला लागेल म्हणून. आणि शनिवारी विमानतळावरून फोन केला, हे घरीच आहेत, किल्ली त्यांच्याकडे आहे, तुळशीला रोज पाणी घालतील म्हणाल्या. त्याने माझ्या हातातल्या जुडग्यातून लाल दोऱ्याची किल्ली सोडवून घेतली.
म्हणजे मी कुलपासमोर कपाळाला हात लावून उभा होतो तेव्हा ही किल्ली वसुमतीच्या पर्समध्ये होती.
त्याच्यामागे गेलो. तुळस वाळून काडी झालेली. नागलक्ष्मी तशीच आत गेली. मी बॅग उचलली. प्रस्थान घरी परत आणायचं नसतं, पण न्यायचं कुठे?
संध्याकाळी फोन लावला. आरशासमोर म्हटलेलं सुरू केलं, "वसुमती, त्या शनिवारी..."
ती म्हणाली, "किल्ली काढायला पर्समध्ये हात घातला होता मी. तेवढ्यात तुमच्याकडे लक्ष गेलं. कुलूप बघून तुमचा जीव भांड्यात पडला होता."
मागून समुद्राचा आवाज येत होता. मग नेहमीच्या आवाजात तिने विचारलं, तुळस कशी आहे?
मी म्हटलं, हिरवीगार.
म्हणाली, नागलक्ष्मीने मघाशीच फोटो पाठवलाय.